मदत हवी आहे : नवजात बाळाच्या अन्ननलिकेचे ऑपरेशन उद्यावर का ढकलले असेल?

देवगडकर :
माझ्या बहिणीच्या बाळाची अन्ननलिका जन्मतः अपुरी आहे. पहिल्यांदा दूध पाजताच बाळ गुदमरून निळे पडले आणि तोंडाला सारखा फेस येऊ लागला. ऑपरेशनशिवाय उपाय नाही असे डॉक्टर सांगतात, आणि तेच डॉक्टर आधी हृदयाची सोनोग्राफी करून ऑपरेशन उद्या करू म्हणतात. बाळ उपाशी आहे. त्याला मुंबईला हलवावे का? कृपया लवकर सांगा.

घाटवाट :
क्षणभरही थांबू नका. 108 ला फोन करा आणि थेट परळचे वाडिया रुग्णालय गाठा.

परिचारिका कुडाळ :
घाटवाट, बाळ आत्ता कोठे आहे हेही आपल्याला माहीत नसताना त्याला महामार्गावर रात्रभर हिंदकळत न्यायला सांगणे मला अजिबात पटत नाही. देवगडकर दादा, बाळाचे वजन किती आहे, आणि एक्स-रेमध्ये पोटात हवा दिसली का?

देवगडकर :
बाळ कालच बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजमध्ये आणले आहे. वजन अडीच किलो. नाकातून घातलेली नळी दहा सेंटीमीटरवर अडून वर वळली, तिचे वेटोळे फिल्मवर मला दाखवले. पोटात हवा आहे.

परिचारिका कुडाळ :
म्हणजे वरचा भाग बंद पिशवीसारखा असून खालचा भाग श्वासनलिकेला जोडलेला असावा. हाच प्रकार सर्वाधिक आढळतो. यात लाळ वरून आणि जठरातील आम्ल खालून फुप्फुसात जाण्याची भीती असते, म्हणून बाळाचे डोके उंच ठेवतात आणि वरच्या पिशवीत नळी ठेवून लाळ सतत ओढून घेतात. बाळाचे पोषण सलाइनमधून होत असते. या बाळांमध्ये हृदयदोष बरेचदा सोबत असतात, शिवाय महाधमनीची कमान कोणत्या बाजूला आहे हे पाहूनच छाती कोणत्या बाजूने उघडायची ते ठरते. त्यामुळे सोनोग्राफीत गेलेला वेळ वाया जात नाही. श्वास स्थिर असेल तर उद्याचे ऑपरेशन उशिराचे नव्हे.

घाटवाट :
दोन टोकांत अंतर जास्त निघाले तर काय कराल? माझ्या पुतण्याला आधी पोटातून नळी घालून काही आठवडे थांबावे लागले होते.

परिचारिका कुडाळ :
तशी वेळ येते हे खरे, परंतु खाली जोड असलेल्या प्रकारात बहुधा एकाच ऑपरेशनमध्ये श्वासनलिकेशी असलेला जोड बांधून बंद करता येतो आणि अन्ननलिकेची दोन्ही टोके एकमेकांना शिवता येतात.

नारळीबाग :
रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा, महात्मा फुले योजनेबद्दल आरोग्यमित्राला विचारा.

देवगडकर :
काका, पैशांचा प्रश्न मी विचारलेला नाही. ऑपरेशननंतर मूल नीट गिळू शकेल का, हे कुणी सांगेल का?

वेंगुर्ल्याची आई :
माझी मुलगी याच ऑपरेशनमधून गेली असून आज भाकरी खाते. आठवड्याभराने औषध गिळायला देऊन एक्स-रे काढतात आणि टाक्यांतून गळती नाही हे पाहूनच तोंडाने दूध सुरू करतात. पुढे शिवलेली जागा आवळल्याने तिला घास अडकू लागला, तेव्हा ती दुर्बिणीतून रुंद करावी लागली. भुंकल्यासारखा खोकला अजून येतो. घास अडकतोय असे वाटले तर वाट न पाहता दाखवा. तुमची बहीण कोठे आहे?

देवगडकर :
ताई, ती सिझेरियनमुळे अजून देवगडलाच आहे.

वेंगुर्ल्याची आई :
मग तिला आत्तापासून दर दोन-तीन तासांनी दूध काढायला सांगा, नाहीतर ते आटेल. ऑपरेशननंतर नळीतून पहिला आहार म्हणून तेच द्यायचे आहे. ते कशात साठवायचे आणि बांबोळीपर्यंत थंड कसे आणायचे, हे तिथल्या नवजात विभागातील सिस्टरला आजच विचारा.