शब्दचर्चा : मतांगीकार

प्रश्न : नाताळच्या उपासनेला शेजारच्या काकूंबरोबर इंदूरच्या व्हाइट चर्चमध्ये गेलो होतो. मध्येच सगळे उभे राहिले आणि एकसुरात काही म्हणू लागले. काकू म्हणाल्या, "याला मराठीत मतांगीकार म्हणतात." पण मत तर ज्याचं त्याचं असतं. ते सगळ्यांनी मिळून कसं म्हणायचं?

उत्तर : इथलं 'मत' निवडणुकीतलं नव्हे. द्वैतमत, चार्वाकमत म्हणतो ना, तसं. म्हणजे शिकवण, सिद्धान्त. अंगीकार म्हणजे ते स्वीकारून आपलं करणं. प्रार्थनेत देवाकडे मागणं असतं. मतांगीकारात मागणं काहीच नाही, आपण कोणावर विश्वास ठेवतो ते उभं राहून सांगायचं. इथले हिंदी कॅथलिक 'धर्मसार' म्हणतात. तोही चांगला शब्द आहे, पण सार वहीतही राहू शकतं. अंगीकार माणसालाच करावा लागतो. मला मराठी शब्द जास्त नेमका वाटतो.

दुसरं उत्तर : 'ज्याचं त्याचं' ही शंका रास्त आहे. 325 साली निकेयाच्या (आजच्या तुर्कस्तानातलं गाव) परिषदेत बिशपांनी मिळून जो मतांगीकार मांडला, त्याचं ग्रीक क्रियापद अनेकवचनी होतं : आम्ही विश्वास ठेवतो. बाप्तिस्म्याच्या वेळी मात्र ज्याचा त्याने जबाब द्यायचा, म्हणून तिथे 'मी'. पुढे उपासनेतही 'मी'च रूढ झालं. लॅटिन 'क्रेडो' (मी विश्वास ठेवतो) एकवचनीच. सामुदायिक पठणही लगेच सगळीकडे आलं नाही. स्पेनमध्ये 589 च्या तोलेदो परिषदेने ते ठरवलं, रोमच्या मिस्सामध्ये, म्हणजे कॅथलिकांच्या मुख्य उपासनेत, ते 1014 मध्ये आलं.

काकूंच्या वतीने : त्यांना हे सगळं वाचून दाखवलं. त्यांनी एक गोष्ट सांगितली, ती व्याकरणाचीच आहे. 'आम्ही ठेवतो' म्हटलं तर बाईपुरुष एकच. 'मी' म्हटलं की पुरुष 'ठेवतो', बाई 'ठेवते'. हिंदीतही 'रखता' आणि 'रखती'. छापलेलं बहुधा पुल्लिंगी असतं, पण काकू आणि त्यांच्या बहिणी लहानपणापासून 'ठेवते'च म्हणत आल्या. त्यांच्या आईने तसं शिकवलं होतं : हा जबाब तुझा आहे, बाबांचा नाही.

पहिलं उत्तर देणारा : मग तुमच्या प्रश्नाचं उत्तर काकूंनीच दिलं. ओळ सगळ्यांची एक, क्रियापद ज्याचं त्याचं.