शब्दचर्चा : मृत्युसंख्या, मृत्युदर आणि 'काउंटी'

ह्यूस्टनकर : टेक्ससमधल्या मृत्यूंचा काउंटीवार नकाशा इथल्या मंडळाच्या अंकासाठी मराठीत करतोय. शीर्षक 'जिल्हावार मृत्युदर' दिलंय. काउंटीला जिल्हा चालेल, की परगणा?

खडूफळा : परगणा म्हटलं की देशमुख-देशपांडे आणि त्यांची वतनं डोळ्यांपुढे येतात. जिल्हाही मोठा पडतो. टेक्सस महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठं, पण काउंट्या २५४. आपले जिल्हे ३६. म्हणजे सरासरी काउंटी आपल्या जिल्ह्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढी. काउंटीच ठेवा. आकडे लाखामागचे आहेत की नुसते?

ह्यूस्टनकर : नुसते. आमची हॅरिस काउंटी सगळ्यात गडद आलीय.

खडूफळा : येणारच! २०२०च्या जनगणनेत तिथे ४७ लाख माणसं. ही 'मृत्युसंख्या' झाली, 'दर' नव्हे. दर काढलात तर दुसरी गंमत : लव्हिंग काउंटीत त्याच वर्षी ६४ माणसं मोजली गेली. एक आजोबा गेले की दर थेट लाखामागे १,५६२. म्हणूनच तिकडची सरकारी आकडेवारी २०पेक्षा कमी मृत्यूंवरून काढलेल्या दरावर खूण करते. त्या खुणेचं भाषांतर 'अविश्वसनीय' करू नका, वाचक थक्क होईल. 'बेभरवशाचा दर' म्हणा.

काढाचाटण : 'मृत्युदर' हा शब्दच कोविडकाळात सैल झाला. 'महाराष्ट्राचा मृत्युदर २ टक्के' म्हणजे बाधितांपैकी दगावलेले. लोकसंख्येपैकी धरलं तर वीस लाखांवर माणसं जातील! त्याला 'बाधितांतील मृत्युप्रमाण' म्हणावं. लांब आहे, पण घोळ नाही. आणि 'बळी' टाळा. म्हातारपणाने गेलेला कुणाचा बळी?

ह्यूस्टनकर : म्हातारपणावरून आठवलं, तक्त्यात 'वयसमायोजित' दरही आहे.

काढाचाटण : कानाला खटकतं! 'वयोमान जुळवून काढलेला दर' म्हणा, म्हणजे सगळीकडे म्हाताऱ्या-तरण्यांचं प्रमाण सारखंच धरून काढलेला. तोच वापरा. फ्लोरिडातल्या समटर काउंटीत निम्म्याहून जास्त लोक पासष्टीपुढचे; तिथला साधा दर चढाच असणार, त्यात हवापाण्याचा दोष नाही.

खडूफळा : एक राहिलं. 'मृत्यू' दीर्घ, पण समासात 'मृत्युदर' ऱ्हस्व. वर्तमानपत्रं रोज चुकतात.

ह्यूस्टनकर : मग असं : 'टेक्सस : काउंटीवार मृत्युदर (दर लाख लोकसंख्येमागे, वयोमान जुळवून)'. लव्हिंगला रंग न देता रेघा मारतो.