पक्ष्याचं नाव ॲपनं लगेच सांगावं, की आधी घरच्यांना बोलू द्यावं?

रानवाटा:
कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेचं मर्लिन ॲप २०१४ मध्ये आलं, तेव्हा ते प्रश्न विचारायचं. पक्षी कुठे दिसला, कधी दिसला, केवढा होता, रंग कोणते, काय करत होता. २०२१ मध्ये आवाज ओळखायची सोय आली. आता फोन धरला, पक्षी ओरडला की नाव हजर.

कुटुंबासाठी ती जुनी प्रश्नांची वाट कितीतरी चांगली, असं माझं मत आहे. ती ॲपमध्ये अजूनही आहे, पण वापरतो कोण? ‘केवढा होता’ यावरच घरात वाद होतो. आई म्हणते साळुंकीएवढा, मुलगी म्हणते छे, लहान होता, आणि आजोबांनी फक्त वर उचललेली शेपटी पाहिलेली असते. नाव (दयाळ!) येईपर्यंत सगळ्यांनी पक्षी पुन्हा एकदा नीट पाहिलेला असतो. आवाजाच्या सोयीत ज्याच्या हातात फोन तो नाव वाचतो, बाकीचे ‘हो का?’ म्हणून पुढे चालू लागतात. आवाज ओळखल्यावर नाव अर्धा मिनिट झाकून ठेवायची सोय असायला हवी.

पिंपळपान:
अजिबात पटलं नाही. दयाळ ओळखणारे आजोबा प्रत्येक घरात असतात, हे तुम्ही धरूनच चाललात. आमच्या घरात कावळा, कबुतर, पोपट यांपुढे कुणाची मजल नाही. शिवाय तुमच्या प्रश्नांना उत्तर द्यायचं तर पक्षी दिसायला हवा. तांबट दिवसभर टुक टुक करतो आणि पानांत काही केल्या सापडत नाही. ॲपनं नाव सांगितलं, चित्र दाखवलं, तेव्हा कुठे माझा मुलगा मान वर करून शोधायला लागला. अर्धा मिनिट थांबवलं असतं तर तो केव्हाच निघून गेला असता.

शेवंता:
मी पिंपळपान यांच्या बाजूनं. बाबांना हल्ली बारीक, उंच आवाज ऐकू येत नाहीत. शिंजीर समोरच्या जास्वंदीवर चिवचिवत असतो, त्यांना पत्ताच नसतो. आवाज ओळखताना पडद्यावर त्या आवाजाचा आलेख सरकत असतो. तो पाहून बाबा विचारतात, ‘ही बारीक रेघ कोणाची गं?’ आणि आम्ही दोघं ती रेघ कुठल्या फांदीवरून येतेय ते शोधतो. रानवाटा, हे बोलणं त्या ‘लगेच’मुळेच सुरू झालं.

रानवाटा:
शेवंताताई, तुमचं बोलणं आलेखामुळे सुरू झालं, नावामुळे नाही. बाबांनी प्रश्न विचारला, कारण पडद्यावर प्रश्न पडावा असं काहीतरी होतं. नाव झाका, आलेख राहू द्या, एवढंच मी म्हणतोय. शिवाय ॲप फसू शकतं. भृंगराज इतर पक्ष्यांच्या हुबेहूब नकला करतो. यादीत आलेला पक्षी झाडावर असेलच असं नाही, तो डोळ्यांनी शोधायलाच हवा.

माळावरचा:
झाडांसाठी सीक हे ॲप वापरून पाहा. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळवाल्यांचंच आहे, खातं उघडावं लागत नाही, म्हणून मुलांच्या हाती द्यायला बरं. कॅमेरा धरला की आधी वरचा गट, मग कुळ, मग प्रजाती असं टप्प्याटप्प्यानं कळतं. पुढचा टप्पा हवा तर पान उलटून बघा, फूल शोधा. म्हणजे थांबणं आलंच, पण ते कुणी लादलेलं नाही. त्यातले बिल्ले मात्र मला खटकतात. बिल्ला मिळाला की पोरं पुढच्या झाडाकडे पळतात.

पिंपळपान:
पळू द्या की! पळत पळत तिसऱ्या झाडापाशी थांबतील. बिल्ल्यासाठी का होईना, घराबाहेर तर पडली.

शेवंता:
ईबर्डची, म्हणजे पक्षी पाहिल्याच्या याद्या जिथे नोंदवतो त्या संकेतस्थळाची, एक गोष्ट मला खरंच लागते. यादी भरताना निरीक्षक किती ते विचारतात. मी दोन लिहिते. पण बाबांचं खातं नाही, त्यामुळे नाव एकट्या माझंच. शिंजिराची रेघ त्यांनी आधी पाहिली, हे त्या यादीत कुठेच नाही. नाव झाकण्याआधी हे बदला.

रानवाटा:
हे मान्य. कुणी काय आधी पाहिलं, तेही नोंदीत असावं. पण झाकण्याचा मुद्दा मी सोडत नाही. पिंपळपान, मुलाला पुढचा तांबट ऐकू आला की फोन खिशातच ठेवा आणि त्यालाच विचारा, कोण ओरडतंय?

पिंपळपान:
विचारतो. पण त्याला येत नसेल तर फोन काढणार, अर्धा मिनिट न थांबता.