कोचीत जहाज शुक्रवारी थांबतंय, आधी फोर्ट कोची की मट्टानचेरी?

घोडबंदर_रोड: मुंबईहून सुटणारं जहाज शुक्रवारी सकाळी ८ ला कोचीला लागतं, संध्याकाळी ६ ला निघतं. सोबत सत्तरीतले आई-बाबा, आईचे गुडघे दुखतात. जहाजाची सहल फार महाग वाटतेय. आपलं आपण फिरलो तर काय काय जमेल? आणि ठाण्याहून बॅलार्ड पियरच्या धक्क्याला गाडीने जावं की लोकलने?

वाशीकर: शुक्रवार आहे, म्हणून आधी मट्टानचेरी. बहुतेक जण सकाळी फोर्ट कोचीला मासे पकडायची चिनी जाळी बघायला धावतात, जेवून मट्टानचेरीला येतात आणि बंद दाराचे फोटो काढतात. तिथला राजवाडा शुक्रवारी बंदच, आणि ‘परदेशी सिनेगॉग’ (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) त्या दिवशी फक्त १० ते १. साडेनऊला जहाजातून उतरा. सिनेगॉग १५६८ चं आहे. खालच्या निळ्या-पांढऱ्या फरशा चीनहून आणलेल्या, हाताने रंगवलेल्या, त्यामुळे नक्षीत फरक दिसतो, वाकून बघा. चपला बाहेर काढायच्या, खांदे-गुडघे झाकलेले हवेत. आईंना मोजे असू द्या.

तिथून रिक्षाने फोर्ट कोची. सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये १५२४ साली वास्को द गामाला पुरलं होतं. अवशेष नंतर लिस्बनला नेले, आता कठड्याच्या आत नुसता दगड आहे. खरी बघण्यासारखी गोष्ट वर आहे: दोरीने ओढायचे लांबलचक कापडी पंखे.

कळवा_नाका: रिक्षावाला फारच स्वस्तात ‘सगळं दाखवतो’ म्हणाला, की समजा मसाल्याच्या आणि गालिच्यांच्या दुकानांत कमिशन आहे. ‘दुकानात थांबायचं नाही’ हे बसण्याआधीच ठरवा, नाहीतर अर्धा दिवस तिथेच जातो. जाळीपाशी दोर ओढायला बोलावतात, मग पैसे मागतात; द्यायचे नसतील तर काठावरूनच बघा. जाळं ज्या ओंडक्याला टांगलंय त्याच्या दुसऱ्या टोकाला लटकणारे धोंडे बघा, त्यांच्या वजनामुळे जाळं वर ओढणं सोपं जातं. शेजारी मासे घेऊन शिजवून मिळतात, पण माशाचा भाव आणि शिजवणावळ वेगवेगळी. दोन्ही आधी विचारा.

घोडबंदर_रोड: परत कधी निघायचं?

वाशीकर: सहाला सुटणारं जहाज सहाला माणसं घेत नाही. चढायची शेवटची वेळ जहाजावरच्या दैनिक पत्रकात असते, ती धरा. जहाज विलिंग्डन बेटावर लागतं, फोर्ट कोचीहून रस्त्याने तोप्पुंपडीच्या पुलावरून वळसा पडतो आणि संध्याकाळी तिथे गाड्या तुंबतात. साडेतीनला निघा. जहाजाचं कार्ड आणि मूळ ओळखपत्र दोन्ही जवळ हवं. गेटवर मोबाइलमधला फोटो चालेल असं धरून चालू नका. पत्रकावर बंदरातल्या एजंटचा नंबर असतो, तो कागदावर लिहून घ्या. जहाजाच्या सहलीची बस उशिरा आली तर सहसा थांबतात, तुमच्या रिक्षेसाठी नाही. सहल महाग वाटते त्यात हाही भाग आहे.

कळवा_नाका: ठाण्याचं राहिलंच. मोठ्या बॅगा आणि गुडघे म्हणजे गाडीच, ईस्टर्न फ्रीवेने. बॅगा लहान असतील तर गर्दी ओसरल्यावर लोकलने सीएसएमटी, पुढे टॅक्सी. अंतर थोडंच आहे.