मेंदूत वाळूच्या कणाएवढं यंत्र: तुम्ही बसवून घ्याल का?

निशाचर: मी घेईन. वडिलांना पार्किन्सन आहे, हातपाय कापतात. कंप थांबवायला मेंदूत इलेक्ट्रोड, कानामागून मानेतून खाली उतरलेली वायर आणि कॉलरबोनखाली बॅटरीचा डबा. बॅटरी संपली की पुन्हा तिथेच चिरा. अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये 'न्यूरल डस्ट'ची, म्हणजे शरीरात बसवायच्या धुळीसारख्या बारीक यंत्रांची, कल्पना मांडली, २०१६ मध्ये उंदरांवर करून दाखवली. जेमतेम ३ मिलिमीटरचा कण. बाहेरून अल्ट्रासाउंड (कानाला ऐकू न येणारा आवाज) सोडला की आतला स्फटिक थरथरतो, त्यातूनच वीज. आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीत नसेचा सिग्नल उमटलेला. ना वायर, ना बॅटरी.

खडूस: उंदराच्या पायातल्या नसेवर दाखवली. पायाला कवटी नसते हो! हाड अल्ट्रासाउंड शोषतं आणि विखुरतं. म्हणून तर २०१३ च्या आराखड्यात कवटीच्या आत आणखी एक यंत्र होतं. कवटी उघडावी लागणारच.

निशाचर: ऑपरेशन टळेल असं मी कुठे म्हटलं? पुन्हा पुन्हा होणारं टळेल. आणि रेडिओलहरींनी एवढ्याशा कणाला वीज देणं महाकठीण. शरीरात आवाज सेकंदाला साधारण १५४० मीटर जातो, म्हणजे २ मेगाहर्ट्झला (सेकंदाला २० लाख कंपनं) लहर पाऊण मिलिमीटरची. तेवढ्याच फ्रिक्वेन्सीची रेडिओलहर हवेत १५० मीटरची! कणात तिची अँटेना कुठे मावणार?

प्रोबवाली: मी रोज सोनोग्राफी करते. जेल जरा कमी पडलं, मध्ये हवा राहिली, की तेवढा भाग काळा. मनगट किंचित कललं तरी हवं ते दिसेनासं होतं. कंप थांबवायला सिग्नल सतत हवा. रात्री कूस बदलली की अल्ट्रासाउंड सोडणारा प्रोब जागेवर कोण धरणार?

निशाचर: हा मुद्दा बिनतोड आहे. चिकटपट्टीसारखा प्रोब सहज मिळू लागला तर बघू.

तिसरी घंटा: तुम्ही सगळे वीज, वीज करताय. 'आर्गस २' आठवतंय? अंध लोकांच्या डोळ्यात बसवलेलं यंत्र. कंपनीने उत्पादन थांबवलं, आणि लोकांच्या डोळ्यात बेवारस यंत्र राहिलं.

निशाचर: उलट इथे बरं की! बाहेरचा प्रोब काढला की कण मुका. स्वतःहून काही करू शकत नाही.

खडूस: मुका झाला तरी आतच ना? उद्या काढायचा म्हटलं तर एवढासा कण शोधणार कसा?

निशाचर: सोनोग्राफीने!

खडूस: कवटीतून? मघाशी काय बोललो मी?