मदत हवी आहे: नकाशाच्या चित्रावर शहरांचे ठिपके उत्तरेकडे सरकताहेत

युरोपच्या नकाशाचं एक चित्र आहे, ८०६ पिक्सेल रुंद आणि १००० पिक्सेल उंच. त्यावर राजधान्यांचे ठिपके टाकायचे आहेत. नकाशाच्या कडा चित्रातच दिल्या आहेत: डावीकडे १० अंश पश्चिम, उजवीकडे ४० अंश पूर्व, खाली ३५ अंश उत्तर, वर ७० अंश उत्तर. शहरांचे अक्षांश-रेखांश ओपनस्ट्रीटमॅपवरून घेतले. जे अंश-मिनिटं-सेकंदांत होते, त्यांची मिनिटं ६० ने आणि सेकंद ३६०० ने भागून दशांशात आणले, पश्चिम रेखांश उणे धरले. मग सरळ त्रैराशिक मांडलं:

आडवं = (रेखांश + १०) ÷ ५० × ८०६
उभं = (७० − अक्षांश) ÷ ३५ × १०००

चित्राचं शून्य वरच्या डाव्या कोपऱ्यात असतं, म्हणून उभं अंतर वरून खाली मोजलंय.

ऑस्लो (५९.९१ उत्तर, १०.७५ पूर्व) येतं ३३४, २८८ वर. पण तिथे ठिपका टाकला की तो जवळजवळ उत्तरेकडच्या ट्रॉन्डहाइम शहरापाशी जातो! अथेन्स (३७.९८ उत्तर, २३.७३ पूर्व) येतं ५४४, ९१५ वर, आणि तो ठिपका किनारा सोडून एजियन समुद्रात पडतो. पूर्व-पश्चिम सगळी शहरं बरोबर आहेत, गडबड फक्त उभ्या दिशेत आहे. सगळे ठिपके सारखेच खाली ओढूनही भागत नाही, कारण अथेन्स जागेवर आलं तरी ऑस्लो वरच राहतं.

हा नकाशा विद्यार्थ्यांसाठी आहे. नजरेच्या अंदाजाने ठिपके लावून त्यांच्यापुढे ठेवायला मन तयार नाही. नेमकं सूत्र कोणी सांगेल का?

प्रतिसाद

तुमचं त्रैराशिक बरोबर आहे, पण ते ज्या नकाशात अक्षांशरेषा समान अंतरावर असतात त्यालाच लागू पडतं. तुमचा नकाशा मर्केटर प्रक्षेपणातला असावा (प्रक्षेपण म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवायची पद्धत). तो ५० अंश रुंद आणि ३५ अंशच उंच असूनही चित्र उभट आहे, म्हणजे अक्षांश ताणलेले आहेत. अर्थात एवढ्यावरून खात्री होत नाही. काही नकाशांत सगळे अक्षांश एकाच प्रमाणात ताणतात, आणि तिथे तुमचं सूत्र चाललं असतं. चित्रावर अक्षांशरेषा असतील तर ४० ते ५० मधलं आणि ६० ते ७० मधलं अंतर पिक्सेलमध्ये मोजून सांगा.

धागाकर्ता

फिकट रेषा आहेत. ४० ते ५० मध्ये साधारण २२९ आणि ६० ते ७० मध्ये ३८७.

प्रतिसाद

मग मर्केटरच. पृथ्वीवर रेखांशरेषा ध्रुवाकडे जवळ येत जातात, मर्केटर त्यांना समांतर ठेवतो. त्यामुळे ६० अंशांवर पूर्व-पश्चिम अंतर विषुववृत्ताच्या मानाने दुप्पट ताणलं जातं. छोट्या भागांचा आकार बिघडू नये म्हणून तेवढंच उत्तर-दक्षिणही ताणावं लागतं. म्हणून वर जावं तसा एकेक अंश मोठा होत जातो. तुमचे ठिपके वरच्या आणि खालच्या कडेला बरोबर बसतील, मध्ये चुकतील.

आडवं सूत्र तसंच ठेवा. उभ्यासाठी आधी प्रत्येक अक्षांशाची मर्केटर किंमत काढा:

म = नैसर्गिक लॉग ( टॅन ( ४५° + अक्षांश ÷ २ ) )

आणि मग तेच त्रैराशिक, अंशांऐवजी या किमतींवर:

उभं = (म७० − म) ÷ (म७० − म३५) × १०००

म७० (म्हणजे ७० अंशांची म) येते १.७३५४ आणि म३५ येते ०.६५२८. ऑस्लोची म १.३१३८, म्हणून उभं ३८९. अथेन्सची ०.७१७५, म्हणून ९४०. म्हणजे ऑस्लो तब्बल १०१ पिक्सेल खाली येतं आणि अथेन्स २५. सगळे सारखे ओढून का भागलं नाही, ते यातच आहे. प्रोग्रॅममध्ये लिहिणार असाल तर टॅनला कोन रेडियनमध्ये द्यावा लागतो, हे विसरू नका. आणि अक्षांश-रेखांशाच्या दशांशचिन्हापुढे दोन आकडे पुरेत, तुमच्या चित्रात एक पिक्सेलच सुमारे ०.०६ अंश रेखांशाचा आहे.

आणखी एक प्रतिसाद

वरचं उत्तर अगदी बरोबर. पुढे कधी असा नकाशा हाती आला की ज्यात रेखांशरेषा वर जाताना जवळ येतात, तर हे सूत्र लावू नका. असा नकाशा बहुधा शंकू प्रक्षेपणातला असतो, आणि त्यात आडवं आणि उभं वेगवेगळं काढताच येत नाही, दोन्ही एकमेकांत गुंतलेले असतात. कडा किंवा प्रक्षेपण माहीत नसलेल्या स्कॅनसाठी क्यूजीआयएस या नकाशांच्या मोफत सॉफ्टवेअरमधला जिओरेफरन्सर वापरा. भूशिरं, नद्यांची मुखं अशा ओळखू येणाऱ्या जागांवर क्लिक करून त्यांचे खरे अक्षांश-रेखांश द्यायचे. बिंदू चारी कोपऱ्यांकडे पसरलेले हवेत, एकाच बाजूला दाटले तर दुसरी बाजू भरकटते. खरं तर जमत असेल तर नॅचरल अर्थ या संकेतस्थळावरचा नकाशांचा मुक्त डेटा घेऊन नकाशाच स्वतः काढावा असं माझं मत आहे. मग प्रक्षेपण ओळखायचा प्रश्नच उरत नाही.

धागाकर्ता

मनापासून आभार! ऑस्लो आता फ्योर्डच्या टोकाशी आहे, अथेन्स जमिनीवर आलं. पण साध्या ठिपक्याऐवजी पिनचं चिन्ह टाकलं की सगळं थोडं उजवीकडे आणि खाली जातं. हे कशामुळे?

प्रतिसाद

चिन्हाचा वरचा डावा कोपरा त्या जागी बसतोय. पिनचं टोक तळाच्या मध्यावर असतं, म्हणून आडव्यातून चिन्हाची अर्धी रुंदी आणि उभ्यातून पूर्ण उंची वजा करा. गोल ठिपक्याला दोन्हीकडे अर्धं. चित्र मोबाइलवर लहान होणार असेल तर ठिपक्याची जागा पिक्सेलऐवजी टक्क्यांत ठेवा (ऑस्लो ४१.५ आणि ३८.९), पण ही वजाबाकी पिक्सेलमध्येच राहू द्या, कारण चिन्ह चित्राबरोबर लहान होत नाही.