मदत हवी आहे: पहिली खाऱ्या पाण्याची टाकी, उन्हाळ्याचं काय करू?

नमस्कार मंडळी, गोड्या पाण्याचे मासे सहा वर्षं पाळतोय, आता छोटी रीफ टाकी, म्हणजे समुद्रातल्या खडकांसारखी रचना असलेली खाऱ्या पाण्याची टाकी, करायची आहे. दोन फुटी, साधारण 85 लिटरची काच घेतली. बायको म्हणते, अजून एक डबकं!

आरओचं पाणी, त्यात मीठ कालवून घनता 1.025 आणली. कोरडा खडक रचून तीन आठवडे झाले. माशांना घातक असलेला अमोनिया शून्यावर आलाय, पण नायट्राइटच्या चाचणीची नळी अजून जांभळी दिसते, म्हणजे तो अजून पाण्यात आहे. मासा आणायची घाई करत नाही. नंतर क्लाउनफिशची जोडी, तीही पैदास केलेलीच.

खरी अडचण पुण्याच्या एप्रिल-मेची. आत्ताच दुपारी पाणी 30 अंशांवर जातंय, मला 26 हवंय. चिलरची (पाणी थंड करणाऱ्या यंत्राची) किंमत ऐकून घाम फुटला. टाकीवर पंखा लावला तर चालेल का? बाष्पीभवन वाढेल, म्हणजे रोज साधं आरओ पाणी भरावं लागणार. वीज गेली तर प्रवाहाच्या पंपाला इन्व्हर्टर पुरे होतो का?

शिवाय दगडी प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, तरी एक दुकानदार बिनधास्त विकतोय. मला ते नकोत. मग प्रवाळाशिवाय टाकी जिवंत दिसायला तुम्ही काय ठेवता?